शाळेच्या खो-खो संघासाठी ब्लड बाऊलची एकदिवसीय स्पर्धा: नियोजन तपासून द्याल का?

सोळावी_चाल (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मुळशी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या खो-खो संघाला साहित्य मिळावं म्हणून पुण्यात टेबलटॉप मिनिएचरची (टेबलावर छोट्या मूर्ती हलवून खेळायच्या खेळाची) एक स्पर्धा घ्यायची आहे. खेळ ब्लड बाऊल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेम्स वर्कशॉपने १९८६ मध्ये काढलेला हा खेळ. ऑर्क, बुटके, माणसं, एल्फ असे संघ, प्रत्येकी ११ खेळाडू मैदानात, २६ × १५ चौकोनांचं मैदान. प्रत्येक कोचला, म्हणजे संघ खेळवणाऱ्या माणसाला, एका डावार्धात ८, म्हणजे सामन्यात १६ चाली. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या ओळीत नेला की टचडाउन. त्याच कंपनीच्या वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाऐवजी हा खेळ घ्यायचं कारण सरळ आहे. तिथे २००० गुणांची सेना जमवून रंगवायला वर्ष जातं आणि ६० × ४४ इंचांचं टेबल आणि त्यावरचं सगळं भूप्रदेशाचं सामान लागतं. इथे १२-१३ मिनिएचर आणि एक सपाट मैदान पुरतं. शिवाय मैदानी खेळासाठी मैदानी खेळच मांडणं बरं वाटतं.

सध्या ठरलेलं असं:

१६ कोच, ८ टेबलं, ३ फेऱ्या, एक रविवार. प्रवेश शुल्क माणशी १००० रुपये, त्यात जेवण. नियम २०२० च्या आवृत्तीचे, कारण बहुतेकांकडे तेच पुस्तक आहे. तारीख ठरलेली नाही, डिसेंबर मनात आहे. जास्तीचे पैसे जमावेत म्हणून (१) पैसे देऊन रिरोल (फासा पुन्हा टाकण्याची संधी) विकत घेणे, (२) तिकिटं विकून एका रंगवलेल्या संघाची सोडत, आणि (३) परदेशातल्या मित्रांकडून देणग्या, असं डोक्यात आहे. जमलेल्या पैशातून कबड्डीची मॅट घ्यावी असंही एक जण सुचवतोय.

ज्यांनी स्पर्धा चालवल्या आहेत, संस्थांचे हिशेब पाहिले आहेत किंवा शाळेत खेळ शिकवतात, त्यांनी यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगावं. मैदानं कुठून छापावीत हेही सांगा.

---

तिसरी_फेरी

आधी वेळेचं गणित करा, बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

प्रत्येक कोचच्या १६ चाली. दर चालीला पावणेचार मिनिटं धरली तर एकाचा एक तास, दोघांचे दोन. मांडणी, किकऑफ, हवामानाचा फासा, मध्यंतर यांना १५ मिनिटं. म्हणजे फेरी सव्वादोन तासांची. साडेआठला हजेरी, ९ ते ११:१५ पहिली, ११:३० ते १:४५ दुसरी, पाऊण तास जेवण, २:३० ते ४:४५ तिसरी, ५ वाजता बक्षिसं. सभागृह ६ पर्यंत घ्या, ५ पर्यंत घेऊ नका. आवराआवर नेहमी वाटते त्यापेक्षा लांबते.

बुद्धिबळाची घड्याळं लावाच. पुण्यात बुद्धिबळाचे क्लास भरपूर आहेत, आठ घड्याळं एका दिवसासाठी मिळतात. नाही मिळाली तर फोनवरचं घड्याळ चालतं, फक्त स्क्रीन बंद होणार नाही अशी सेटिंग करून ठेवा. प्रत्येकाला ६० मिनिटं. ज्याची संपली त्याला उरलेल्या प्रत्येक चालीला एक मिनिट. हा नियम आधी छापून पाठवला तर कोणी रागावत नाही, त्या दिवशी तोंडी सांगितला तर भांडण ठरलेलं. घंटा झाली तर सामना लगेच तोडायचा नाही. ज्याने नंतर खेळायचं आहे त्याची चाल पूर्ण होऊ द्यायची, म्हणजे दोघांच्या चाली समान होतात. हळू खेळणाऱ्याने शेवटची चाल आपल्याकडे राखून ठेवण्याचा प्रकार याने थांबतो.

जोड्या स्विस पद्धतीने लावा: पहिली फेरी चिठ्ठीने, पुढच्या गुणांप्रमाणे, एकदा झालेली जोडी पुन्हा नाही. विजय ३, बरोबरी १. पण एक लक्षात घ्या. १६ जणांत एकच अपराजित उरायला ४ फेऱ्या लागतात. ३ फेऱ्यांत दोघे अपराजित राहू शकतात. त्यामुळे बरोबरी कशी सोडवायची ते आधीच लिहून ठेवा: प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, मग टचडाउनचा फरक. देणगीची रक्कम यात कधीही आणू नका. मदतीसाठीची स्पर्धा असली तरी जिंकणं फाशांवर आणि डोक्यावरच ठरलं पाहिजे, नाहीतर चांगले कोच पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि शाळेला एका वर्षाची मदत पुरत नाही.

संघ दर सामन्याला नव्याने उभा करा. मागच्या सामन्यातला जखमी किंवा मेलेला खेळाडू पुढच्यात ठणठणीत. एका दिवसाच्या स्पर्धेला हेच योग्य. संघाची किंमत ११,००,००० सोन्याची नाणी ठेवा आणि त्यातूनच कौशल्यं विकत घेऊ द्या: प्राथमिक २०,०००, दुय्यम ४०,०००, एका खेळाडूला एकच. स्टार खेळाडू आणि इंड्यूसमेंट (सामन्यापुरती विकत घेतलेली जादा मदत) बंद. नवख्यांसाठी माणसांचा एक तयार संघ देतो, २०२० च्या पुस्तकाप्रमाणे: ४ ब्लिट्झर (३,४०,०००), १ थ्रोअर (८०,०००), २ कॅचर (१,३०,०००), ५ लाइनमन (२,५०,०००). झाले १२ खेळाडू, ८,००,०००. तीन रिरोल १,५०,०००, अपोथेकरी (संघाचा वैद्य) ५०,०००. एकूण १०,००,०००. उरलेल्या एक लाखात पाच प्राथमिक कौशल्यं: दोन ब्लिट्झरना गार्ड, थ्रोअरला ब्लॉक, एका लाइनमनला किक, एकाला रेसल. असे दोन-तीन उसने संघ, ज्यांच्याकडे मिनिएचर नाहीत त्यांच्यासाठी, टेबलावर तयार हवेत.

रोस्टर, म्हणजे संघाची यादी, आठवडाभर आधी मागवा आणि बेरीज स्वतः करा. नेहमीच्या चुका दोन. रिरोलची किंमत प्रत्येक संघाची वेगळी असते, लोक मागच्या संघाची लिहितात. आणि शॅम्बलिंग अनडेड, नेक्रोमँटिक, नर्गल यांना अपोथेकरी घेताच येत नाही, तरी घेतलेला असतो.

आयोजकाने खेळू नये. पण एक राखीव कोच संघासकट तयार ठेवावा. कोणी ऐनवेळी आलं नाही तर १५ उरतात आणि एकाला बसून राहावं लागतं. पैसे भरून आलेल्या माणसाला सव्वादोन तास रिकामं बसवणं वाईट. सोळावा आला तर राखीव कोच निकाल लिहायला बसतो, तेही काम असतंच.

विकत घ्यायच्या रिरोलबद्दल. कल्पना चांगली आहे, मर्यादा घाला. एका सामन्यात कोचला एकच, ठरलेल्या किमतीला, एकाच फाशासाठी. चिलखत आणि जखमेच्या फाशांना लागू नाही. मर्यादा नसेल तर ज्याचं पाकीट जाड त्याचा संघ जड होतो. याहून मला आवडणारा प्रकार म्हणजे हवामान विकत घेणं. सामन्याच्या सुरुवातीला दोन फाशांची बेरीज ४ ते १० आली तर हवा स्वच्छ, २ आली तर कडक ऊन, १२ आली तर हिमवादळ. पैसे भरून हा फासा पुन्हा टाकायला लावायचा. परिणाम दोन्ही संघांवर सारखा, खेळ बिघडत नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा पैसे भरून तुमच्या सामन्यात पाऊस मागू शकतो. डबा याने जास्त भरतो.

फासे: टेबलाला ३ ब्लॉक फासे (टकरीसाठीचे, चिन्हांचे), २ सहाबाजूंचे, १ आठबाजूंचा, १ सोळाबाजूंचा. सोळाबाजूंचा बहुतेकांकडे नसतो. त्याऐवजी आठबाजूंचा आणि सहाबाजूंचा एकत्र टाका: सहाबाजूंच्यावर १-३ आले तर आकडा तसाच, ४-६ आले तर त्यात ८ मिळवा.

---

हिशेबवही

तीन गोष्टी लगेच बदला.

पहिली, सोडत काढू नका. तिकीट विकून चिठ्ठीवर बक्षीस देणं म्हणजे लॉटरी. लॉटरी चालवायचा अधिकार राज्य सरकारकडे आहे आणि परवानगीशिवाय ती चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला होता हे उत्तर तिथे चालत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या स्पर्धांच्या जाहिरातीत सोडत दिसते म्हणून आपल्याकडे तशीच उचलली जाते. त्याऐवजी लिलाव करा. रंगवलेला संघ टेबलावर ठेवा, शेजारी कागद. मूळ किंमत, वाढ किमान ५० रुपयांची, बोली आणि रोस्टर क्रमांक लिहायचा. तिसरी फेरी सुरू होताना कागद उचलायचा. अडीच वाजता बोली बंद झाली की पाचला पैसे घेऊन वस्तू देता येते.

त्याच कारणाने रोख बक्षीस नको. टेबलावर फासे, भिंतीवर प्रवेश शुल्क, शेवटी रोख रक्कम: सभागृहाच्या व्यवस्थापकाला हे जुगारासारखं दिसणार. चषक द्या. सभागृह मागतानाच्या अर्जात खेळाचं वर्णन, दोन फोटो आणि "रोख बक्षीस नाही" हे वाक्य घाला.

दुसरी, परदेशातल्या देणग्या. इथे बरेच जण फसतात. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, तो कायद्याने विदेशी स्रोत. त्याचे पैसे घ्यायला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी लागते. शाळेकडे ती नसणार. "माझ्या खात्यावर पाठव, मी पुढे देतो" हा मार्ग धरू नका. न्यू जर्सीतला तुमचा मित्र नागरिक झाला असेल तर त्याला प्रेमाने नाही म्हणा. पुण्यात त्याचे आईवडील असतील आणि त्यांना स्वतःच्या पैशातून द्यायचं असेल तर तो त्यांचा वेगळा निर्णय.

तिसरी, पैसे कोणाच्या नावाने गोळा होणार? जिल्हा परिषदेच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि समितीचं बँक खातं असतं. मुख्याध्यापकांना भेटून समितीचा ठराव घ्या: अमुक गट, अमुक तारखेला, अमुक साहित्यासाठी निधी जमवणार आहे आणि समिती तो स्वीकारेल. नोंदणीकृत न्यासाच्या वतीने नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१सी खाली धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं. गणपती मंडळं दर वर्षी करतात तेच. ओळखीची एखादी नोंदणीकृत संस्था निधी स्वतःच्या खात्यात घ्यायला तयार असेल तर काम सोपं होतं, पावतीपुस्तकही त्यांचंच वापरता येतं.

८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल, विचारलं जाणारच. ज्या संस्थेकडे ती मान्यता आहे तीच तशी पावती देऊ शकते. आणि असली तरी प्रवेश शुल्काला ती लागू नाही, कारण त्या बदल्यात माणूस खेळतो आणि जेवतो. लिलावात घेतलेल्या संघालाही नाही. वस्तूरूपाने दिलेल्या मदतीला नाही. २००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही नाही. म्हणून शुल्क आणि देणगी यांच्या पावत्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा.

आता तुमचे १००० रुपये. १६ जणांचे १६,००० होतात. त्यातून सभागृह, टेबलं, जेवण, छपाई, चषक जाणार. जाहिरातीत "जमा होणारी सर्व रक्कम शाळेला" असं लिहिलं आणि मग खर्च वजा केला तर ते खोटं ठरतं, मग शिल्लक कितीही असो. सरळ लिहा: शुल्कातून स्पर्धेचा खर्च, उरलं तर शाळेला, लिलाव, रिरोल, हवामान आणि थेट देणगी यांचा रुपया न् रुपया शाळेला. दोन डबे, दोन वह्या. यूपीआयचा क्यूआर समितीच्या किंवा संस्थेच्या खात्याचा लावा, स्वतःचा नको. पैसे आल्याची खात्री स्क्रीनशॉटवर करू नका. खातं पाहणाऱ्या माणसाने व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक वहीत उतरवायचा. डबा संध्याकाळी दोघांनी, गटाबाहेरच्या एका माणसासमोर मोजायचा आणि तिघांनी सही करायची. आठ दिवसांत हिशेब सगळ्या कोचना पाठवा, बिलांच्या फोटोसकट.

---

उभा_खांब

शाळेच्या बाजूने लिहितो.

कबड्डीची मॅट विसरा. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. मीटर-मीटरचे तुकडे धरले तर नुसत्या मैदानाला १३० लागतात, बाहेरची मोकळी जागा वेगळी. महिलांचं १२ × ८ घेतलं तरी ९६. सोळा कोचच्या स्पर्धेतून अर्धी मॅट येते, आणि अर्ध्या मॅटवर कोणी खेळत नाही. वर ती ठेवायला कोरडी खोली लागते, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात उंदीर आणि बुरशी. खो-खोचं साहित्य तुमच्या आवाक्यात आहे आणि पुरं येतं.

पण काय घ्यायचं ते तुम्ही ठरवू नका. खेळ शिकवणाऱ्या गुरुजींकडून किंवा बाईंकडून लेखी यादी घ्या, त्यांच्या अग्रक्रमाने. शहरातून येणाऱ्या मदतीत टी-शर्ट नेहमी असतात, खांब कधीच नसतात.

खो-खोचं मैदान २७ × १६ मीटर. दोन खांब, जमिनीवर १२० सेंटिमीटर, जाडी ९ ते १० सेंटिमीटर. दीड फूट गाडायचं धरा, म्हणजे लाकूड साडेपाच फुटी सांगा. सुताराकडून खरादून गुळगुळीत करून घ्या, वरची कड गोल. लोखंडी पाइप स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवेल, घेऊ नका. पोल डाइव्ह (खांबाला धरून गडी टिपायची झेप) मारताना मुलाचा हात, बरगडी, कधी हनुवटी खांबावर येते. नुसतं रंधलेलं, न खरादलेलं लाकूडही नको, कुसळं घुसतात.

मुळशीत पाऊस भरपूर. खांब थेट मातीत गाडला की पहिल्या पावसात सैल होतो आणि दुसऱ्या वर्षी बुडाशी कुजतो. खांब आत सरकेल एवढ्या व्यासाचा दीड फुटी पाइप सिमेंटात बसवा, तळाला खडी टाका म्हणजे पाणी मुरेल. पाइपची वरची कड जमिनीच्या किंचित खाली हवी. सराव झाला की खांब काढून वर्गात ठेवता येतो, पाइपवर झाकण. झाकण विसरलात तर त्या भोकात कोणाचा तरी पाय मुरगळणार. हे काम एका दिवसाचं आहे आणि खांबांपेक्षाही याचा उपयोग जास्त.

बूट घेणार असाल तर एप्रिलमध्ये मापं घेऊ नका. मुलांचे पाय जूनपर्यंत वाढतात, आणि संघही जूननंतरच ठरतो. मैदानात ९ जण, राखीव धरून १२ जोड्यांचे पैसे बाजूला ठेवा, मापं जुलैत. गुडघ्याचे पॅड, आखणीसाठी फक्की (कळीचा चुना नको, डोळ्यांत गेला तर भाजतो), ३० मीटरचा टेप, दोन स्टॉपवॉच, एक शिटी, क्रेप बँडेज आणि बर्फाची पिशवी. एवढ्यात संघ उभा राहतो.

एक खर्च यादीत कोणी लिहीत नाही: तालुक्याला जायचं भाडं आणि त्या दिवशीचं जेवण. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची मुलं बहुधा १४ खालच्या गटात. एसटीत १२ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून मुली-महिलांना बारा वर्षांनंतरही अर्धं. म्हणजे मुलींचा संघ निम्म्या भाड्यात जातो, पण तेरा वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं. संघ सराव करून बसतो आणि भाड्यावाचून जात नाही, असं होऊ नये. थोडी रक्कम त्यासाठी समितीच्या खात्यात राखून ठेवायला सांगा.

म्हणूनच डिसेंबर ही तारीख चुकीची. तोपर्यंत तालुका-जिल्हा स्पर्धा उरकलेल्या असतात आणि तुमचं साहित्य सहा महिने कपाटात पडतं. एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला पंधरवडा घ्या. परीक्षा संपलेल्या, सभागृहं मोकळी, आणि जूनला शाळा उघडताना खांब तयार.

साहित्य दिल्यावर मुख्याध्यापकांकडून जडसंग्रह नोंदवहीतल्या (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतल्या) नोंदीचा फोटो मागा. अविश्वास म्हणून नाही. नोंद झालेली वस्तू बदली झालेल्या शिक्षकाबरोबर हरवत नाही, पुढच्या शिक्षकाच्या ताब्यात येते. आणि मुलांना स्पर्धेच्या ठिकाणी आणून, ओळीत उभं करून आभार मानायला लावू नका. पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्यांचे फोटो जाहिरातीत नकोत. खांब रोवलेल्या मैदानाचा फोटो पुरे.

---

ओला_ब्रश

मैदानांचं सांगतो.

चौकोन ३४ मिलिमीटरचा ठेवा. २६ × ३४ म्हणजे ८८.४ सेंटिमीटर, १५ × ३४ म्हणजे ५१. तीन फूट × दोन फुटांच्या तुकड्यावर (९१.४ × ६१) हे बरोबर बसतं आणि लांब बाजूला सुमारे दहा सेंटिमीटर उरतात, तिथे चालींची आणि गुणांची पट्टी छापा. रुंदीत ४-७-४ अशा दोन रेघा, मध्यावर १३ चौकोनांनंतर जाड रेघ, दोन्ही टोकांना एकेक स्तंभ टचडाउनचा.

फ्लेक्सवर छापू नका. चकाकतो, ट्यूबलाइटखाली रेघा दिसत नाहीत, आणि घडी पडली की त्या सुरकुतीवर मिनिएचर आडवं होतं. मॅट व्हिनाइल, ३ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डावर) चिकटवून. सनबोर्डचा पत्रा ८ × ४ फुटी येतो. त्यातून ३ × २ चे पाच तुकडे निघतात: चार सरळ, उरलेल्या दोन फुटी पट्टीतून पाचवा आडवा. आठ मैदानांना दोन पत्रे, दोन तुकडे राखीव. छपाई चौरस फुटाने, ४८ फूट धरा. ही मैदानं पुढच्या वर्षीही चालतात, म्हणून उभी ठेवा, आडवी रचली तर वाकतात.

फाइल पाठवताना कोपऱ्यात बरोबर १० सेंटिमीटरची एक रेघ काढा आणि "मोजून १० आली तरच छापा" असं लिहा. दुकानात "कागदाला बसवा" हा पर्याय चालू राहिला तर चौकोन ३३ चा होतो, आणि ३२ च्या बेसला (मिनिएचरखालच्या चकतीला) हलायला जागाच उरत नाही. ४० मिलिमीटरचे ओग्र-ट्रोल चौकोनाबाहेर जातातच, त्याची काळजी नको.

रंगवलेलं नसलं तरी खेळू द्या, पण बेसवर क्रमांक सक्तीचा. निम्मी भांडणं "याला गार्ड आहे हे मला कुठे माहीत होतं" इथून सुरू होतात. कौशल्य घेतलेल्या खेळाडूच्या पायात रंगीत लूम बँड, आणि कोणता रंग म्हणजे कोणतं कौशल्य हे सगळ्या रोस्टरांवर एकच.

मेमध्ये घेताय तर प्रायमर (रंगाआधीचा फवारा) सकाळी आठच्या आत मारा. दुपारच्या गरम हवेत फवारा हवेतच सुकतो आणि मिनिएचरवर वाळूसारखा बसतो, पॉलिश पेपरच. २०-२५ सेंटिमीटर अंतर, पातळ दोन हात. हेच काम जुलैवर ढकललं तर दमट हवेत पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो. पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले संघ उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतात आणि संध्याकाळी सगळे एका बाजूला झुकलेले मिळतात. बेसखाली चुंबक आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा ही सगळ्यात स्वस्त पेटी.

लिलावासाठी संघ थ्रीडी प्रिंट करणार असाल तर फाइलचा परवाना वाचा. बऱ्याच फाइली फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात, आणि पैसे शाळेला जाणार असले तरी लिलाव म्हणजे विक्रीच. विकण्याची परवानगी असलेली फाइल घ्या किंवा मूळ खोक्यातला संघ रंगवा. पोस्टरवर कंपनीचं बोधचिन्हही टाकू नका, खेळाचं नाव साध्या अक्षरांत लिहा.

---

सोळावी_चाल

खूप आभार. सोडत आणि मॅट रद्द. तारीख मेचा दुसरा रविवार धरतो, गुरुजींची यादी आल्यावर इथेच टाकतो. दोन प्रश्न उरले. मंडपवाल्याकडची सहा बाय दोन फुटांची टेबलं चालतील का? आणि मेमध्ये बरेच जण गावी जातात, १६ झालेच नाहीत तर?

---

तिसरी_फेरी

टेबलं चालतील. मैदान मध्ये तीन फूट, दोन्हीकडे दीड-दीड फूट उरतं, तिथे राखीव खेळाडू, रोस्टर, फासे. चहाचे कप मात्र टेबलावर नकोत, खाली स्टूल द्या. टेबलांच्या मध्ये चार फूट मोकळे ठेवा, नाहीतर खुर्च्या पाठीला पाठ लागतात आणि पंचाला आत शिरता येत नाही. पत्र्याच्या टेबलाचा मधला भाग खोलगट असेल तर सनबोर्डखाली दोन वर्तमानपत्रं.

१६ झाले नाहीत तर १२ वर थांबा, ६ टेबलं, बाकी वेळापत्रक तेच. ८ जण झाले तर उलट चांगलं, तीन फेऱ्यांत बरोबरी नसेल तर एकच अपराजित उरतो. नावनोंदणी मार्चमध्येच उघडा, निम्मं शुल्क तेव्हा घ्या, आणि सभागृहाचे पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी आकडा पाहून टेबलं सांगा.

---

उभा_खांब

यादी मागायला जाताना टेप घेऊन जा आणि शाळेचं मैदान मोजा. २७ × १६ बसत नसेल तर पाइप कुठे पुरायचे हे गुरुजींबरोबर उभं राहून, खुणा करून ठरवा. एकदा सिमेंट पडलं की खांब हलवता येत नाहीत.